डेल्मर हॅचरचा चार बोटं उंच ट्रक

डेल्मर हॅचरला देवाने सगळं दिलं, फक्त उंची द्यायची राहून गेली. आणि त्याचा सूड डेल्मरने आयुष्यभर भोवतालच्या वस्तूंवर उगवला. बूट टाचेचे. टोपी पुढून फुगवलेली. पडवीचं छप्पर एका उन्हाळ्यात त्याने हातभर वर उचललं, तेव्हापासून तिरका पाऊस थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायला लागला. टपालाची पेटी रस्त्याकडेला इतक्या उंच खांबावर ठोकली, की टपालवाल्या बाईला गाडीतून उतरून टाचा उचलाव्या लागत. काही दिवस तिने उचलल्या, मग ती टपाल खाली गवतातच टाकून जाऊ लागली. डेल्मर म्हणाला, "बाईला कामाची आवड नाही."

असं म्हणणं हाच त्याचा खरा धंदा होता. बाकीचे धंदे त्याने धरले आणि सोडले. लाकूड कापायच्या गिरणीत होता, तिथल्या मालकाला लाकडातलं कळत नव्हतं. रस्त्याच्या कामावर लागला, तिथल्या मुकादमाला रस्त्यातलं कळत नव्हतं. कोंबड्या पाळल्या, तर कोंबड्यांनाही अंडी कुठे घालावीत ते कळेना. बावन्न वर्षांत ज्याला काही कळतं असा माणूस त्याला एकच भेटला होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा.

त्याची आई व्हर्डी हे सगळं पडवीत बसून बघत आली होती. घर तिचंच होतं. डेल्मर आणि त्याची बायको रॉन्डा तिची काळजी घ्यायला म्हणून राहायला आले होते. ते आल्यापासून म्हातारीला बरीच काळजी लागली होती. ऐंशीला टेकलेल्या व्हर्डीचा डावा खुबा कामातून गेला होता, पण डोळे आणि जीभ शाबूत होती. मुलाबद्दल तिचं मत खोऱ्यातल्या लोकांपेक्षाही वाईट होतं, कारण लोकांनी त्याला फक्त घराबाहेर पाहिलं होतं.

व्हर्डीला आता कुणाकडून काही नको होतं. मे महिन्यात एका रविवारी डोंगरावर जायचं, एवढंच. टेनेसीच्या त्या कोपऱ्यात ब्रशी खोऱ्यातली सगळी घरं त्या दिवशी आपापल्या माणसांना भेटायला वर जातात. डेकोरेशन म्हणतात त्याला. थडग्यांवरचं गवत खरवडायचं, माती उकरून नीट उंचवट्याची करायची, फुलं वाहायची, पाद्रीबुवांचं थोडं ऐकायचं, गाणी म्हणायची आणि मग झाडाखाली लांबलचक फळीवर सगळ्यांनी आणलेलं जेवायचं. वर व्हर्डीचा नवरा हॉबर्ट होता, आणि त्याच्या शेजारी मुलगी ग्लेना. ग्लेना आईच्या आधी गेली. ते दुखणं कसलं होतं हे व्हर्डी कधी बोलत नसे, आणि तिच्यासमोर कुणी विचारतही नसे.

फुलं ती स्वतः करायची. दुकानातली प्लॅस्टिकची फुलं तिला बघवत नसत. "मेलेल्या माणसाला काय कळतंय म्हणून काहीही वाहता होय?" असं ती तोंडावर विचारी. सुरकुत्यांच्या कागदाच्या पाकळ्या कापून, तारेला बांधून, वितळलेल्या मेणात बुडवून तिने केलेले गुलाब पावसातही महिना-महिना टिकत. हॉबर्टला लाल, ग्लेनाला पिवळे.

गेल्या वर्षी ती वर पोचलीच नाही. डोंगरावर जायची वाट म्हणजे झाडीतून खणलेला एक चर. दोन्ही बाजूंनी चाकांच्या खोल चाकोऱ्या, आणि मधे वर आलेला खडक. डेल्मरच्या ट्रकच्या मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मधला लोखंडी गोळा त्या खडकाला असा घासला, की आवाजाने वरची गाणी थांबली. डेल्मरने ट्रक कसाबसा मागे घेतला आणि खाली चर्चच्या आवारात नेऊन लावला. आईला तिथेच गाडीत बसवून तो जेवायला वर चालत गेला. फुलं रॉन्डाने नेली. तिने लाल गुलाब ग्लेनाला आणि पिवळे हॉबर्टला वाहिले. हॉबर्ट जिवंत असता तर पिवळे गुलाब बघून त्याने सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या असत्या. व्हर्डी हसली नाही. ग्लेनाला तिची फुलं मिळाली नाहीत, हे तिला वर्षभर खुपत राहिलं.

"पुढच्या वर्षी बघ आई," डेल्मर म्हणाला होता. "तुला राणीसारखी बसवून वर नेतो. ट्रकच उंच करतो."

इथून ते वेड सुरू झालं. हिवाळाभर तो चाऱ्याच्या दुकानात शेगडीपाशी कॉफीचा पेला घेऊन बसे आणि बॉडी लिफ्टवर प्रवचन देई. गॅरेजात ट्रक देणारे सगळे मूर्ख. चाकांखालच्या स्प्रिंगा बदलून ट्रक उंच करणारे त्याहून मूर्ख, बापाचा पैसा उधळणारे. अक्कल असलेला माणूस काय करतो? ट्रक म्हणजे खाली लोखंडी सांगाडा, आणि त्याच्यावर बोल्टने बसवलेली केबिन आणि हौदा. बोल्ट काढायचे, केबिन-हौदा जॅकने वर उचलायचा, मधे चार बोटं जाडीचे ठोकळे सरकवायचे, लांब बोल्ट आवळायचे. झालं! "एका दुपारचं काम," डेल्मर म्हणायचा. ऐकणारे मान हलवायचे. शेगडी ऊबदार होती आणि बाहेर थंडी होती, म्हणून.

एप्रिलमध्ये ठोकळ्यांचं खोकं आलं. डेल्मरने ट्रक अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली लावला. पहिला दिवस बोल्टना तेल पाजण्यात गेला. सव्वीस हिवाळे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन ते बोल्ट सांगाड्याशी एकजीव झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याने पान्याला लांब नळी लावून जोर केला, तेव्हा एक बोल्ट मोडला आणि डेल्मर पाठीवर पडला. पडल्या-पडल्याच त्याने ज्या कारखान्यात तो बोल्ट झाला होता त्याचा उद्धार केला.

मग केबिन उचलायची वेळ आली. जॅक नुसता लावला तर पत्रा चेपतो, मधे जाड फळी धरावी लागते. अंगणात, कोठारात, शेजारी, कुठेही फळी मिळाली असती. डेल्मरने पडवीतलं बाकडं उलटं केलं आणि त्याची फळी उखडली. ओकची, हॉबर्टने स्वतः रंधा मारलेली. शेंगा सोलायला, उन्हाला बसायला आणि ग्लेनाच्या लहानपणी तिची वेणी घालायला व्हर्डी त्याच फळीवर बसत आली होती.

"अरे, ते बाकडं आहे!" ती ओरडली.

"लाकूड आहे ते, आई. दोन मिनिटं. परत ठोकून देतो."

केबिन वर जाताना फळी मधोमध तडकली. डेल्मर म्हणाला, "जुन्या लाकडात दम नसतो." व्हर्डी त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू लागली. तिला त्याचा असा संताप आला होता, की रात्रीच्या जेवणाला तिने त्याच्याकडे मक्याच्या ब्रेडचं ताट सरकवलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं तिने त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून पाहिलं. हौदा वर उचलताना पेट्रोल भरायच्या तोंडाची रबरी नळी सोडायची असते, ती हा सोडायला विसरला. ती ताणली, निसटली आणि अंगणभर पेट्रोलचा वास सुटला. डेल्मरने ती ओढूनताणून परत बसवली. तेव्हापासून पेट्रोल घोट-घोट भरावं लागे, घाई केली की उलटी. इंजिनाचा पंखा आहे तिथेच राहिला आणि त्याच्याभोवतीची प्लॅस्टिकची कड केबिनबरोबर वर गेली. ट्रक चालू केला तेव्हा पंख्याने ती कड कराकरा खायला सुरुवात केली. डेल्मरने करवत आणून उरलेली कापून टाकली. "उगाच लावलेली असते," तो म्हणाला. "कंपन्यांना माल खपवायचा असतो."

एका दुपारच्या कामाला तीन आठवडे लागले. शेवटी ट्रक उभा राहिला. केबिन आणि हौदा वर, बंपर सांगाड्याला धरून होते तिथेच खाली, आणि चाकांच्या वर एवढी मोठी पोकळी, की पलीकडची कोबीची रोपं दिसत. पोर वाढलं आणि विजार आखूड झाली तसं ध्यान. दाराखालच्या पायऱ्याही डेल्मरने काढून टाकल्या. नव्या उंचीला त्या जुळेनात. आणि तसंही, पायऱ्या बायकांना लागतात.

"आई, बघ!" तो ट्रकशेजारी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं डोकं पूर्वी खिडकीच्या मध्यावर यायचं, आता खालच्या कडेला लागत होतं. ट्रक उंच झाल्याने आपण आणखी बुटके दिसतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. व्हर्डीच्या आलं. ती काही बोलली नाही. एवढी दया तिच्यापाशी होती.

तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. सार्जंट नावाचा म्हातारा शिकारी कुत्रा त्या घरात होता. उन्हं चढली की तो ट्रकखाली जाऊन झोपे. मागच्या चाकांच्या मधून आत शिरताना तो गोळा त्याच्या पाठीला लागे, म्हणून तिथे आला की तो मागचं अंग खाली दाबून, पोट घासत पुढे सरके. वर्षानुवर्षं व्हर्डीने हे पाहिलं होतं. त्या दिवशीही सार्जंट आला, ट्रकच्या मागे गेला, थांबला, मागचं अंग खाली दाबलं आणि पोट घासत आत गेला.

"डेल्मर," व्हर्डी म्हणाली, "कुत्रा अजून वाकतोय."

"कोण?"

"सार्जंट. खाली जाताना. पूर्वी वाकायचा तेवढाच वाकतोय."

"सवय आहे त्याला."

"सवय नाही. बघ ना एकदा खाली वाकून. तो लोखंडी गोळा होता तिथेच आहे."

डेल्मरने वाकून बघितलं नाही. वाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आई, चार बोटं उंच केलाय मी ट्रक. माझ्या हाताने. आणि तू मला कुत्र्याचं सांगतेस? कुत्र्याला काय कळतं!"

डेकोरेशनच्या आदल्या दिवशी लॉयल आला. लॉयल म्हणजे ग्लेनाचा नवरा. बायको गेली तरी सासूकडे त्याचं येणं थांबलं नव्हतं. दर शनिवारी यायचा, नळ, पन्हळ, चूल, काय बिघडलंय ते बघायचा, आणि हात लावण्याआधी विचारायचा. विचारून काम करणारा माणूस डेल्मरला बायकी वाटे. त्यात ग्लेना गेल्यापासून लॉयल स्वतः केक भाजायला शिकला होता, म्हणजे मग संपलंच. त्या दिवशीही त्याच्या हातात सफरचंदाचा केक होता.

"आई, उद्या मी ट्रॅक्टरला गवताचा गाडा जोडतोय," तो व्हर्डीला म्हणाला. "गठ्ठ्यांच्या पायऱ्या करतो आणि तुमची खुर्ची वर घट्ट बांधतो. हळूहळू नेईन. खडकावरून गाडा आरामात जातो, काल जाऊन बघून आलोय."

"गाडा?" डेल्मर ट्रकमागून पुढे आला. "माझी आई काय बटाट्याचं पोतं आहे? ती केबिनमध्ये बसून जाणार. वर्षभर आधी ठरलंय."

लॉयल ट्रकजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि खाली बघितलं. उठून त्याने हात झटकले. "टायर जुनेच ठेवलेस?"

"टायर नाताळात."

"मोठे टायर घातले असतेस तर थोडं तरी उचललं असतं. नुसत्या ठोकळ्यांनी केबिन वर जाते रे, आस जात नाही. तो गोळा—"

"गोळ्याचं तू मला नको शिकवूस. तू केक भाज."

लॉयलने केक पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि व्हर्डीकडे बघितलं. डेल्मरनेही तिच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. शाळेत पोरं बुटका म्हणून चिडवायची तेव्हा तो घरी यायचा तो असेच लाल कान घेऊन, आणि दाराशी उभा राहून सांगायचा, की आपणच त्यांना कसं झोडपलं. एकदाही झोडपलेलं नसे.

व्हर्डीला सगळं कळत होतं. ट्रक खडकावर अडकणार हे कुत्र्याला कळलं होतं, लॉयलला कळलं होतं, तिला कळलं होतं. ग्लेनासाठीचे पिवळे गुलाब आत खोक्यात तयार होते. पुढच्या मेमध्ये आपण असू की नाही याची खात्री कुणी देत नव्हतं. एक शब्द बोलायचा होता, पण जावयासमोर पोटच्या पोराचं नाक कापायचं धाडस तिला होईना.

"मी डेल्मरबरोबर येईन," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची डेल्मरपेक्षा जास्त चीड आली.

लॉयल म्हणाला, "बरं आई. मी वरच असेन."

रविवारी ऊन छान पडलं होतं. रॉन्डा तळलेल्या कोंबडीची परात आणि भरली अंडी घेऊन सकाळीच लॉयलच्या गाड्यावरून वर गेली. नवऱ्याच्या ट्रकवर तिचाही भरवसा नव्हता, पण तिला ते बोलायची गरज पडली नाही. तिने फक्त "अंडी हिंदकळतील" एवढंच म्हटलं. डेल्मरने नवा पांढरा शर्ट घातला. आईला केबिनमध्ये चढवायला त्याने स्वयंपाकघरातलं दोन पायऱ्यांचं स्टूल आणलं. त्यावर चढूनही सीट व्हर्डीच्या कंबरेशी आली. दाराला लोंबकळत, कण्हत, डेल्मरचा खांदा मागून ढकलत असताना ती कशीबशी आत गेली. राणीसारखं बसणं म्हणजे असं असेल, तर राण्यांचं कसं होत असेल असं तिच्या मनात आलं. मांडीवर गुलाबांचं खोकं घेऊन ती बसली. डेल्मर उडी मारून आपल्या बाजूने चढला आणि निघाला. स्टूल अंगणातच राहिलं.

चर्च मागे पडलं, झाडी सुरू झाली. सार्जंट मागे धावत होता; डोंगरावर जेवण असतं हे त्याला ठाऊक होतं.

"काय दिसतंय ना वरून!" डेल्मर म्हणाला. "पूर्वी त्या कुंपणापलीकडचं दिसायचं का? बोल!"

"रस्त्याकडे बघ."

"मी म्हटलं होतं ना तुला? म्हटलं होतं की नाही?"

खडक आला तेव्हा तो हसत होता. त्याने जोर दिला. पुढची चाकं पलीकडे गेली, ट्रक क्षणभर वर उठल्यासारखा झाला, आणि मग खालून तोच आवाज आला, गेल्या वर्षीचा. लोखंड दगडावर कचकच रगडलं. डेल्मरने मागे घ्यायच्याऐवजी आणखी जोर दिला, म्हणून या वेळी गोळा खडकावर चढून बसला आणि मागची चाकं चाकोरीत नुसती फिरत राहिली. चिखल उडाला. पंख्याभोवतीची कड कापल्यामुळे इंजिन लवकरच तापलं आणि बॉनेटखालून वाफ आली. मग डेल्मरने ते बंद केलं.

वर झाडांपलीकडे लोक गात होते. ते दिसत नव्हते, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. सार्जंट धापा टाकत मागून आला, सवयीने ट्रकखाली शिरायला गेला, मागचं अंग दाबलं, पोट दाबलं, आणि जागाच उरली नाही म्हणून खडकाशेजारी बसून राहिला.

"दोन मिनिटं," डेल्मर म्हणाला.

"लॉयलला हाक मार."

"दोन मिनिटं म्हटलं ना! जॅक लावतो, खाली दगड घालतो."

त्याने जॅक लावला. चिखलात जॅक खाली गेला आणि ट्रक होता तिथेच राहिला. दगड घातले, ते फिरणाऱ्या चाकांनी मागे फेकले. वरचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. ग्लेना ते फार छान म्हणायची. व्हर्डी खोक्यावर हात ठेवून बसली होती. ती जमिनीपासून इतक्या उंचावर होती, की दार उघडून खाली बघितलं तर भोवळ येई. राणीसारखी बसवलेली, आणि उतरायची सोय नाही.

"डेल्मर, लॉयलला हाक मार."

"आई, मी करतोय ना! मला काही कळत नाही का?"

"नाही," व्हर्डी म्हणाली. "तुला काही कळत नाही. कधीच कळलं नाही. पडवीतलं कळलं नाही, कोंबड्यांतलं नाही, ट्रकमधलं नाही. बापाचं बाकडं मोडलंस तेव्हाही कळलं नाही. आणि मी मेली तुझे कान लाल झालेले बघून गप्प बसले."

डेल्मर हातात दगड घेऊन उभा होता.

मग तिनेच खिडकीतून हाक मारली. एवढ्याशा छातीत इतका आवाज कुठून आला कोण जाणे. "लॉऽयल!"

वरचं गाणं थांबलं. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. लॉयल गाडा मागे-मागे घेत वाट उतरून आला, ट्रकच्या पुढ्यात थांबला. त्याच्या मागोमाग रॉन्डा, पाद्रीबुवा, चाऱ्याच्या दुकानात हिवाळाभर कॉफी पिणारे सगळे, बायका, पोरं, गाण्यांची पुस्तकं हातात घेऊन. कुणी हसलं नाही. हसले असते तर डेल्मरला सोपं गेलं असतं.

"आई, वरून खुर्ची आणतो, पायरीला," लॉयल म्हणाला. "की मी उचलून घेऊ?"

"उचललेलं मला सोसत नाही. कंबर निखळते. आणि खुर्ची नको." व्हर्डीने दार पूर्ण उघडलं. "डेल्मर, इकडे ये."

तो आला.

"खाली वाक."

"काय?"

"पायऱ्या तूच काढल्यास ना? खाली वाक. हात-गुडघे टेक."

डेल्मरने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग त्याने हातातला दगड बाजूला ठेवला, टाचेचे बूट चिखलात मागे घेतले आणि दाराखाली, खडी टोचत असलेल्या जमिनीवर, हात-गुडघे टेकून ओणवा झाला. नव्या शर्टाची पाठ सपाट पसरली. लॉयलने व्हर्डीचा हात धरला. तिने आधी खोकं रॉन्डाकडे दिलं, मग दाराची मूठ धरून पाय खाली सोडला, आणि तिच्या चपट्या काळ्या बुटाने मुलाच्या पाठीचा ठाव घेतला.

पाठ थरथरत होती. बुटाच्या तळव्यातून तिला ती जाणवत होती. तान्ह्या डेल्मरला पोटदुखी फार असायची; तो रडायला लागला की पालथं घालून तिने थोपटलेली ही पाठ. तिचा राग होता तसाच होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी हललं, आणि ते तिला त्या क्षणी अजिबात नको होतं. ती दुसरा पाय टेकायला थांबली.

"टेक ना, आई," खालून डेल्मर म्हणाला. आवाज बदललेला होता. "टेक. मी हलत नाही."

ती पूर्ण वजन टाकून उभी राहिली, आणि मग लॉयलच्या खांद्याच्या आधाराने खाली उतरली. डेल्मर तसाच ओणवा होता. त्याचं तोंड आता ट्रकच्या पोटाच्या उंचीला होतं. समोर तो गोळा खडकावर ठाण मांडून बसलेला, आणि पलीकडून सार्जंट त्याच्याकडे बघत होता. डेल्मर बराच वेळ ट्रकखाली बघत राहिला.

गवताच्या गठ्ठ्यांवरून व्हर्डी गाड्यात चढली, खुर्चीत बसली आणि लॉयलने तिला इतकं हळू वर नेलं, की चालणारे लोक पुढे निघून गेले. तिने स्वतः हॉबर्टला लाल वाहिले. ग्लेनापाशी ती लॉयलचा हात धरून उभी राहिली, माती बुटाने नीट केली आणि पिवळे गुलाब एकेक करून खोचले. एक फूल वाकडं गेलं होतं, ते तिने काढून पुन्हा लावलं. मग ती रडली. लॉयलही रडला. कुणी त्यांना घाई केली नाही.

डेल्मर जेवणाच्या वेळी चालत वर आला. हातांना खडीच्या खुणा होत्या, गुडघे मातीने भरलेले. लॉयलने त्याच्या हातात केकचा तुकडा दिला, तो त्याने उभ्या-उभ्या खाल्ला. सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती. पांढऱ्या शर्टावर, बरोबर मधोमध, म्हातारीच्या बुटांचे दोन काळे ठसे उमटले होते.

रॉन्डाने ओला रुमाल घेतला आणि ती उठली.

"बस खाली," व्हर्डी म्हणाली. "राहू दे ते. दिवसभर राहू दे."

डेल्मरने ते ऐकलं. त्याने मागे वळून बघितलं नाही, आणि शर्टही झटकला नाही.